दोन तारांचे विमान

२०२४ च्या सप्टेंबरपासून मंचरला आमच्या वस्तीत माझे नाव 'विमानवाले' पडले आहे. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. पंचवीस वर्षे लोकांचे हप्ते, व्याज आणि जामीनदारांच्या सह्या बघण्यात गेली. आता कर्जाचा अर्ज घेऊन आलेला माणूससुद्धा अर्ज टेबलावर ठेवण्याआधी विचारतो, "साहेब, या रविवारी उडणार का?" कार्यकर्ता म्हणून वीस वर्षांत जेवढी ओळख झाली नाही तेवढी या लाकडी विमानाने चार महिन्यांत करून दिली. याचा आनंद मानावा की खंत करावी, हे वाचकांनीच ठरवावे.

हे रिमोटचे विमान नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. ड्रोन तर नव्हेच. याला इंग्रजीत कंट्रोल-लाईन म्हणतात. विमानाच्या डाव्या पंखातून पोलादाच्या दोन बारीक तारा निघतात आणि पंधरा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या हँडलला येऊन मिळतात. माणूस मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरते. विमानाच्या पोटात एक त्रिकोणी पट्टी असते. हँडल मागे कलवले की एक तार ओढली जाते, पट्टी फिरते, शेपटीची झडप वर होते आणि विमान चढते. हँडल पुढे कलवले की विमान उतरते. डावी-उजवी वळणे नाहीत, कारण वर्तुळ ठरलेलेच आहे. फक्त वर आणि खाली. पण या दोनच हालचालींतून विमान कोलांटी घेते, डोक्यावरून जाते, आठचा आकडा काढते आणि पाठीवर पडून उलटेही उडते.

माझ्या आईने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, "आरं, ह्ये तर खळ्यावरच्या बैलावाणी झालं. तू मेढ आन ह्यो बैल." जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी तिने दुसऱ्यांच्या खळ्यावर पुष्कळ मळणी केलेली आहे. तिच्याइतके नेमके वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. मी फक्त एवढे जोडले की मेढीच्या हातात कासराही आहे, तोही दुहेरी.

तारा ताठ कशा राहतात, असे मुले विचारतात. गोफणीचा दगड दोरी ताणून धरतो तशाच. आमच्या अभ्यासवर्गातल्या आठवीच्या एका मुलीने हे गणित पुरे केले. त्रिज्या १५ मीटर, म्हणजे एक फेरी सुमारे ९४ मीटरची. घड्याळ लावले तर एका फेरीला ५ सेकंद लागतात. म्हणजे वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास, एस.टी.च्या वेगाने. विमानाचे वजन ६०० ग्रॅम, पण फिरताना हाताला ओढ बसते ती जवळजवळ दीड किलोची. म्हणून उडवण्याआधी तारा, हँडल आणि ती त्रिकोणी पट्टी विमानाच्या वजनाच्या दहापट जोराने ओढून तपासायची असते. आम्ही भाजीवाल्याचा अडकवायचा काटा लावून सहा किलो पुरे होईपर्यंत ओढतो. हँडलला एक वादी असते, ती मनगटात अडकवल्याशिवाय विमान सोडायचे नाही. हात सुटला तर विमान गोफणीतल्या दगडासारखेच जाणार.

हा खेळ फार जुना आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास जिम वॉकर नावाच्या माणसाने तो लोकप्रिय केला. १९०५ साली स्थापन झालेली एफ.ए.आय. ही हवाई खेळांची जागतिक संघटना त्याच्या स्पर्धा भरवते. त्यात चार प्रकार आहेत. पहिला निव्वळ वेगाचा. अडीच सी.सी.च्या इंजिनावर ही विमाने ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातात, नऊ फेऱ्यांचा एक किलोमीटर. दुसरा कसरतींचा. तिसऱ्यात तीन खेळाडू एकाच वर्तुळात खांद्याला खांदा लावून शर्यत करतात, शंभर फेऱ्यांचे दहा किलोमीटर. चौथा प्रकार आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक विमानाच्या शेपटीला कागदाची लांब पट्टी बांधतात आणि समोरच्याची पट्टी आपल्या विमानाने कापायची. सरळ पतंगाचा पेच! माझा प्रकार दुसरा, कसरतींचा.

आता वाचक विचारतील की जुन्नरच्या शेतमजुराच्या मुलाला हे कुठून सुचले. १९९७ साली बी.कॉम.साठी मी पुण्याला गेलो, वसतिगृहात राहिलो आणि एन.सी.सी.च्या हवाई शाखेत नाव घातले. खरे कारण गणवेश, बूट आणि परेडनंतरचा नाश्ता हे होते. एन.सी.सी. १९४८ ची. तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता अशा दोन ठिकाणी सुरू झाली. या शाखेत विमानाच्या प्रतिकृती बनवणे आणि उडवणे हा शिक्षणाचाच भाग असतो आणि त्याच्या स्पर्धाही होतात. बाल्साचे लाकूड, इंजिन, इंधन सगळे सरकारी. हे लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातून येते. हातात घेतले तर लाकूड आहे की भेंड, असा प्रश्न पडावा इतके हलके. स्वतःच्या पैशाने हा खेळ खेळणे आमच्यापैकी कोणाच्या बापाला शक्य नव्हते. एकेका प्रतिकृतीला लागणाऱ्या पैशांत माझा महिन्याचा मेसचा खर्च निघाला असता. म्हणून मी नेहमी म्हणतो, हा खेळ माझ्यापर्यंत आला तो सरकारी स्टोअरच्या दारातून.

आमचे इंजिन देशी बनावटीचे, अडीच सी.सी.चे, डिझेल म्हणवले जाणारे. त्याला ठिणगीचा प्लग नसतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल सारख्या भागात मिसळून त्याचे इंधन करायचे. ईथर दाबानेच पेट घेते, रॉकेल जळते आणि एरंडेल आतल्या भागांना वंगण देते. पंखा बोटाने झटकून सुरू करायचा. एखाद्या वेळी तो उलटा फिरून असा फटका देतो की नख काळेनिळे होते. लहानपणी पोट साफ करायला पाजलेले एरंडेल आणि दवाखान्यातल्यासारखा ईथरचा वास, हे दोन्ही मिळून एक तिसराच वास तयार होतो. परेडहून परतताना बसमध्ये लोक माझ्याकडे नाक वळवून बघत. मला तो वास आजही आवडतो.

दोन वर्षांत मी सरळ उड्डाण, कोलांट्या, डोक्यावरून नेणे हे सगळे शिकलो. राहिले ते उलटे उडवणे. कसरतींच्या क्रमात दोन फेऱ्या विमान पाठीवर ठेवून काढायच्या असतात. विमान उलटे झाले की हाताचे सगळे शिक्षणही उलटे होते. वर नेण्यासाठी जो झटका द्यायचा, तोच विमानाला मातीत घालतो. आमच्याकडे कसरतीचे चांगले विमान एकच होते. मी उलटे उडवण्याची परवानगी मागितली की उत्तर ठरलेले असे, "फुटले तर भरून कोण देणार? तुझा बाप?" निवड चाचणी फेब्रुवारी २००० मध्ये झाली. ज्यांच्याकडे घरचे विमान होते त्यांचा उलट्या फेऱ्यांचा सराव झालेला होता. मी त्या दोन फेऱ्या वगळून बाकीचा क्रम पुरा केला. गुणपत्रिकेत त्या रकान्यात शून्य पडले आणि निवड झाली नाही. तेवढ्यात बी.कॉम.चा निकाल लागला, वडिलांचे दुखणे बळावले आणि मी नोकरी धरली. जाताना एका सीनियरकडून त्याचे जुने इंजिन साडेतीनशे रुपयांना घेतले होते, शिष्यवृत्तीच्या पैशांतून, तीन हप्त्यांत. ते फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकले. पुढे लग्न झाले, मुली झाल्या, समाजाची कामे अंगावर आली. इंजिन ट्रंकेतच राहिले.

जुलै २०२४ मध्ये गावच्या घराचे छप्पर गळू लागले म्हणून सामान हलवले, तेव्हा ती ट्रंक उघडली. इंजिन घट्ट बसलेले. पंखा तसूभर हलेना. आतल्या एरंडेलाची वर्षानुवर्षांत लाख होते, हे मला माहीत होते. चार दिवस थिनरमध्ये भिजत घातले, मग धाकटीचा केस वाळवायचा ड्रायर त्यावर धरला. अर्ध्या तासाने पंखा फिरवला तर आतून 'पक्' असा आवाज आला. दाब अजून शाबूत होता! मी मोठ्याने ओरडलो. पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, काय झालं? कोणाचा फोन?"

तिला सगळे सांगितले. ती ऐकून घेते, पण हिशेबात माझ्यापेक्षा पक्की आहे. थोरलीचे डिप्लोमाचे दुसरे वर्ष, छपराचा खर्च, त्यात ही भर. तिने एवढेच विचारले, "किती लागतील?" मी कारकून माणूस, वहीत वेगळे पान घातले. बाल्साच्या फळ्या, तारा, पातळ कागद, तो ताणून बसवायचा रंग, गोंद, दोन पंखे आणि इंधन मिळून सहा हजारांच्या आत बसत होते. मी सहा महिने दुपारचा बाहेरचा चहा-नाश्ता बंद करायचे ठरवले आणि पत्नीने भिशीतले दोन हजार दिले. ते परत द्यायचे आहेत, असे तिने माझ्याच वहीत माझ्याच पेनने लिहून ठेवले. ईथरसाठी पुण्याला दोन फेऱ्या झाल्या. रसायनांच्या दुकानदाराने ओळखपत्र घेतले, अर्ज लिहून घेतला, तेव्हा कुठे अर्धा लिटर दिले. ते बरोबरच आहे, ईथर फार लवकर पेटते. ते घरात ठेवायचे नाही आणि जवळपास विडी ओढायची नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

विमान बांधायला दीड महिना लागला. रोज रात्री नऊ ते अकरा. वाचकांपैकी जे सुतारकाम करतात त्यांना हे काम आवडेल. मीटरभर लांबीचे पंख, त्यात कागदासारख्या पातळ बरगड्या. उजव्या पंखाच्या टोकाला शिशाचा वीस ग्रॅमचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे तारांच्या वजनाने विमान आत झुकत नाही. इंजिन आणि सुकाणूसुद्धा किंचित बाहेरच्या बाजूला वळवून बसवायचे. प्रत्येक गोष्ट विमानाला माणसापासून दूर ढकलण्यासाठी. ते जेवढे दूर जाऊ पाहील, तेवढे ते ताब्यात राहते.

खरी अडचण इंधनाच्या टाकीची होती. उलटे उडायचे तर टाकी साधी चालत नाही. फिरताना इंधन गोफणीच्या नियमाने टाकीच्या बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते. म्हणून टाकी पाचरीच्या आकाराची करतात आणि नळीचे तोंड बाहेरच्या मागच्या कोपऱ्यात बसवतात. मग विमान सुलटे असो की उलटे, इंधन मिळत राहते. नारायणगावच्या बाजारात पत्र्याचे डबे आणि चाळण्या झाळणारे एक चाचा बसतात. त्यांना मी पुठ्ठ्याचा नमुना कापून दाखवला. त्यांनी तो चारदा उलटासुलटा केला आणि विचारले, "यात काय भरणार? एवढ्याशा डब्यात तर चहाची पत्तीपण मावायची नाही." मी सांगितल्यावर त्यांनी काम हातात घेतले, पाण्यात बुडवून फुंकून बुडबुडे तपासले आणि चाळीस रुपये घेतले. एकही गळती नाही.

जागा शोधताना मात्र नवीनच संकट आले. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावोगावी लोक जागत होते, हे पुष्कळांना आठवत असेल. चोरांचे ड्रोन आहेत, टेहळणीचे आहेत, नाना तर्क. अशा दिवसांत मी विमान घेऊन माळावर गेलो तर काय झाले असते? म्हणून आधी पोलीस पाटलांकडे विमान घेऊन गेलो, तारा दाखवल्या. ते हसले, "हे तर बांधलेलं आहे. जाऊन जाऊन जाणार कुठं?" दुसरा प्रश्न बिबट्याचा. उसाच्या कडेला संध्याकाळी उभे राहायची सोय आपल्याकडे उरलेली नाही. म्हणून आमचा सराव सकाळी आठनंतर आणि उसापासून दूर, घोड नदीच्या अलीकडच्या मोकळ्या माळावर. तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर, विजेच्या तारांचा. हातात पोलादाची तार आणि डोक्यावर महावितरणची तार, हा सरळ मृत्यूचा खेळ आहे. या खेळात जगभर माणसे गेली आहेत ती पडलेल्या विमानाने कमी आणि विजेच्या तारेने जास्त, असे आम्हाला शिकवणारे निवृत्त वायुसैनिक सांगत. शंभर पावलांच्या आत खांब असेल तर हँडल हातात घ्यायचे नाही. आभाळात गडगडले तरी सामान आवरायचे.

खोडदजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने वेगळाच मुद्दा काढला. त्यांच्याकडे जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात, म्हणून तिथे गेल्यावर मोबाईल बंद करायला सांगतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, शाळांच्या सहली जातात. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमच्या विमानानं दुर्बिणीला त्रास नाही व्हायचा?" मी म्हणालो, "यात रेडिओ नाहीच. बॅटरीसुद्धा नाही. तार आणि मनगट." तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन मंचरला हजर झाला.

पहिले उड्डाण ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी झाले. हात विसरला नव्हता. विमान सुटले, तारा ताणल्या आणि मनगट आपोआप कामाला लागले, जसे कोणी पंचवीस वर्षांनी सायकलवर बसावे. पण डोके तयार नव्हते. आठव्या फेरीला माळ फिरू लागला, बाराव्या फेरीला पोट वर आले. पूर्वी चाळीस फेऱ्या काढून मी सरळ चालत जाऊन पाणी पीत असे. आता विमान टेकल्यावर मी जमिनीवर बसलो आणि पत्नीने कांदा फोडून नाकाला लावला.

मग घरच्या गच्चीवर सराव सुरू केला. हातात झाडूचा दांडा घ्यायचा, त्याच्या टोकावर नजर ठेवायची आणि फिरायचे. नजर विमानावर राहिली तर मागचा देखावा पुसट होतो आणि चक्कर कमी येते. नजर ढळली की संपले. रोज पाच फेऱ्यांनी वाढवत गेलो. समोरच्या इमारतीतल्या बाया कपडे वाळत घालायच्या थांबून बघत. पत्नी खालून ओरडे, "अहो, पाण्याची टाकी तरी बघा!" नोव्हेंबर संपेपर्यंत तीस फेऱ्या पचू लागल्या. चष्म्याचेही असेच झाले. दुहेरी भिंगाचा चष्मा या कामाला निरुपयोगी, विमान भिंगाच्या रेषेवर आले की दोन दिसतात. दूरचा एक साधा चष्मा वेगळा करून घ्यावा लागला. ती रक्कमही वहीत आहे.

याच सुमारास आमच्या कामातले एक ज्येष्ठ मला विहाराच्या पायरीवर भेटले. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. म्हणाले, "जयभीम. ऐकलं ते खरं का? वर्गणीची पुस्तकं पडून आहेत, आणि कार्यकर्ता माळावर खेळणी उडवतोय. हे श्रीमंतांच्या पोरांचे खेळ." वर्गणीची पुस्तके मी शनिवारीच भरून दिली होती, तेवढे सांगितले. बाकी वाद घातला नाही. पण हा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. आपल्या माणसाने मोकळा वेळ घालवायचाच झाला तर तो सभेत, वर्गात किंवा आजाऱ्याच्या उशाशी घालवावा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. ती का पडली तेही मला ठाऊक आहे, आणि त्या रीतीनेच मी घडलो. तरीही ज्या गोष्टीतून पैसा नाही, पद नाही, समाजाचे काम नाही, अशी एखादी गोष्ट निव्वळ चांगली करायची म्हणून करणे ही फक्त बंगल्यातल्या पोरांची मिरास आहे, हे मला पटत नाही. आमच्या वडिलांना बासरी येत होती. त्यांनी ती कधी वाजवली हे मला आठवत नाही, कारण आठवावी इतक्या वेळा त्यांना सवडच मिळाली नाही.

पुढच्या रविवारी बाबा काठी टेकत माळावर आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. तीन उड्डाणे उभ्यानेच बघितली आणि जाताना विचारले, "ते उताणं होतं तेव्हा इंजिनला तेल कसं मिळतं?" मी टाकी काढून दाखवली.

तोपर्यंत उताणे ठेवण्याचा सराव सुरू झाला होता. यासाठी मी आधी कागदाचे विमान काठीला लावून भिंतीसमोर तासन्‌तास हात फिरवला. अर्धी कोलांटी घेऊन विमान वर, उंचावर उलटे करायचे, म्हणजे चुकायला खाली जागा राहते. पहिल्या दिवशी अर्धी फेरी, मग पाऊण. हात प्रत्येक वेळी जुन्या सवयीने वर ओढू पाही आणि त्याला आवरावे लागे. डिसेंबरच्या शेवटी एक पूर्ण फेरी झाली. दोन सलग मात्र जमल्या नव्हत्या.

आणि मग स्पर्धा ठरली. पुणे, नाशिक, नगरकडचे आम्ही आठ जुने कॅडेट फोनवरून एकमेकांना सापडलो होतो. १९९८ साली माझे विमान धरणारा माझा सोबती त्यातलाच, आता नाशिकला कारखान्यात फिटर आहे. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या रविवारी जुन्नर तालुक्यातल्याच एका माळावर जमायचे ठरले. बक्षीस नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. पण गुणपत्रिका होत्या आणि त्या देण्यासाठी ते निवृत्त वायुसैनिक आणि त्यांचे एक मित्र आले होते. प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण. सरळ उड्डाण दीड मीटर उंचीवर स्थिर राहिले पाहिजे. कोलांट्या गोल हव्यात, अंड्यासारख्या नकोत. इंजिन सुरू करण्यापासून टेकण्यापर्यंत सात मिनिटे. चुन्याने वर्तुळ आखले होते. मधल्या लहान वर्तुळाबाहेर खेळाडूचा पाय गेला तर गुण कापणार.

माझे नाव पुकारल्यावर परीक्षकांनी विचारले, "मेकॅनिक कोण?" इंजिन सुरू झाल्यावर विमान धरून ठेवायला आणि खूण मिळताच सोडायला दुसरे माणूस लागतेच. माझी पत्नी पदर खोचून पुढे आली. चार महिने तीच धरत होती, तिच्याएवढे सरळ कोणी सोडत नाही. बाकीच्यांच्या बरोबर मित्र किंवा मुलगे होते. कोणी हसले नाही. परीक्षकांनी कागदावर तिचे नाव लिहून घेतले.

तिसऱ्या झटक्याला इंजिन लागले. मी मधल्या वर्तुळात येऊन वादी मनगटात अडकवली, हँडल हलवून शेपटीची झडप पाहिली आणि हात वर केला. तिने विमान सोडले. सरळ फेऱ्या चांगल्या झाल्या. डोक्यावरून नेताना वाऱ्याने तारा क्षणभर सैल पडल्या, दोन पावले मागे सरकून त्या ताणून घेतल्या. तीन कोलांट्या. मग अर्धी कोलांटी, आणि विमान पाठीवर. खालची बाजू वर आली, चाके आकाशाकडे. पहिली फेरी छातीच्या उंचीवर. मी विमानाशिवाय काही पाहत नव्हतो. दुसऱ्या फेरीला पश्चिमेकडून वारा लागला, विमान खाली बसू लागले आणि मनगट पुढे गेले. पुढे, मागे नव्हे. विमान वर आले. एकूण दहा सेकंदांचे काम. बाहेरून आईचा आवाज ऐकू आला, पण ती काय म्हणाली ते नंतर कळले: "बैल उताणा पडला!"

विमान सुलटे केल्यावर थोड्याच वेळात इंधन संपले. टाकी लहान होती. उलट्या कोलांट्या आणि आडवा आठ असे दोन प्रकार करायचे राहून गेले. पंखा थांबला, तारांमधून नुसती शीळ येत राहिली आणि विमान दीड फेरी घरंगळत येऊन चाकांवर टेकले. माझा क्रमांक आठात पाचवा. पहिला आला तो माझा नाशिकचा सोबती. तो या सगळ्या वर्षांत गुपचूप सराव करत होता, असा माझा संशय आहे. उलट्या उड्डाणाच्या रकान्यात मला दहापैकी सहा गुण होते. ती गुणपत्रिका मी घडी न घालता आणली आणि हिशेबाच्या वहीत त्या सहा हजारांच्या पानासमोर चिकटवली. पत्नीने तिच्या दोन हजारांची नोंद तशीच ठेवली आहे.

जेवण सगळ्यांनी डबे एकत्र करून केले. धाकटीला मी सरळ उड्डाणाला हँडल देतो, पण तिच्या मुठीला ते मोठे पडते. लहान हँडल करायला शिसवीचा तुकडा आणून ठेवला आहे. पुढची स्पर्धा पावसाळा संपल्यावर घ्यायचे ठरले. परत येताना नारायणगावच्या बाजारात चाचांकडे थांबलो आणि म्हणालो, "तशीच टाकी हवी, पण एक बोट लांब." त्यांना नमुना दाखवावा लागला नाही. माझा पुठ्ठा त्यांनी दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवला होता.